प्रजाती पडताळणी

बोरवंड पूर्वची माणसं वेगळ्या प्रजातीची झाली आहेत, असं पत्र ग्रामपंचायतीला आलं त्या दिवशी मोनाली थेटे साडेचार महिन्यांची गरोदर होती. पत्र साध्या टपालाने आलं होतं. सरपंच गाडेकरांनी ते दोनदा वाचलं, शिपायाला चहा सांगितला आणि मग पत्र फळ्यावर लावलं, नळाला पाणी कधी येणार त्या सूचनेच्या शेजारी.

मोनाली बोरवंड पश्चिमची. तिचा नवरा निवृत्ती पूर्वेचा. पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की दोन प्रजातींमध्ये विवाह संभवत नाही, सबब असे झालेले विवाह झालेले नाहीत असं समजावं. असा विवाह गावात एकच होता.

एकतीस वर्षांपूर्वी बोरवंड हे एकच गाव होतं. मग त्याच्या मधोमध महामार्ग गेला आणि महामार्गाच्या मधोमध काँक्रीटची भिंत उभी राहिली, पुरुषभर उंचीची. गावासाठी भुयारी रस्ता मिळेल असं सांगितलेलं होतं. नकाशात तो होताही. गावाने त्यासाठी अकरा अर्ज केले. पलीकडे जायला जागा एकच उरली, चौदा किलोमीटरवरचा टोलनाका. भिंतीपलीकडच्या मावशीच्या घरी जायचं तर जाऊन वळून अठ्ठावीस किलोमीटर पडायचे. सुरुवातीला लोक सणावाराला जात. पुढे फक्त मयताला जाऊ लागले. त्यानंतर मयत झालं की रस्त्याच्या कडेला उभं राहून भिंतीच्या दिशेने हात जोडत आणि घरी येऊन आंघोळ करत.

वारा कायम पश्चिमेकडून, त्यामुळे रस्त्याची सगळी धूळ पूर्वेला. तिथे जन्मलेल्या काही मुलांच्या डोळ्यांत नाकाच्या बाजूने एक पातळ, आरपार दिसणारी आतली पापणी सरकायची. ज्या मुलांना ती नव्हती त्यांचे डोळे बारमाही चिघळलेले असत, आणि मोठी झाली तरी त्यांची लग्नं जमत नसत. एकतीस वर्षांत पूर्वेच्या नव्या पिढीत आतल्या पापणीचीच माणसं उरली. ट्रकच्या आवाजावर मात करायची म्हणून त्यांचे आवाजही वाढले. पश्चिमेच्या मुली पाहायला पूर्वेची स्थळं गेली तेव्हा नवरामुलगा आपल्याला झापतोय असं वाटून मुली आत निघून गेल्या. उन्हाळ्यात रस्त्याला उसंत नसायची, वरात काढायला जागा मिळायची नाही, म्हणून पूर्वेने आपली लग्नं आषाढ-श्रावणात नेली. पश्चिमेची तुळशीच्या लग्नानंतर सुरू होत. दोन्हीकडची लग्नसराई कधी एका वेळी येतच नव्हती.

एक अभ्यास पथक चार दिवस येऊन हे सगळं मोजून गेलं होतं. लोकांना वाटलं, भुयारी रस्त्यासाठी आलेत. त्यांना जेवायला घातलं होतं.

मोनाली टोलनाक्यावर कामाला होती, बंद पडलेल्या गाड्यांच्या नोंदी ठेवायची. निवृत्ती त्या गाड्या उचलणारी क्रेन चालवायचा. त्याने पहिल्यांदा तिला नाव विचारलं तेव्हा केबिनमधून सुपरवायझर बाहेर आला, त्याला वाटलं भांडण जुंपलं.

"ओरडता कशाला?" मोनालीने विचारलं.

"ओरडत नाही," निवृत्ती ओरडला. "लाजतोय."

मोसमावरून दोन्ही घरांचं एकमत होईना, तेव्हा त्यांनी भाद्रपदात, म्हणजे कुणाच्याच मोसमात नाही असं, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

पत्र लागल्यानंतर चौथ्या दिवशी आशाताई शेवंता घरी आली. गरोदर बायकांचं रजिस्टर तिने सोबत आणलं होतं. तिने मोनालीचं पान काढलं आणि तिच्या नावावर पांढरी शाई लावायला घेतली. वरून आदेश होता. दोन प्रजातींच्या संबंधातून गर्भ राहत नाही, सबब नोंद चुकीने झाली आहे.

"माझ्या हातात असतं तर लावली नसती," शेवंता म्हणाली.

"तुमच्याच हातात आहे," मोनाली म्हणाली. "बाटली कुणाच्या हातात आहे, बघा."

शेवंताने बाटलीकडे पाहिलं आणि नाव पूर्ण पुसून, फुंकर मारून पान वाळवलं. जाताना तिने मोनालीचं गरोदरपणाचं कार्ड आणि उरलेल्या लोहाच्या गोळ्याही मागून घेतल्या. मोनालीने गोळ्या दिल्या नाहीत. तिने शेवंताच्या देखत एक गोळी पाण्याशिवाय गिळली.

सोमवारी ती, निवृत्ती आणि सासू हौसाबाई अशी तिघं नोंद परत व्हावी म्हणून अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली. पहिल्या मजल्यावर मोठी रांग होती. दीड तासाने खिडकीपाशी पोचल्यावर तिथल्या बाईंनी कागद परत सरकवला.

"इथे जात बघतात. प्रजाती तळमजल्यावर. झेरॉक्सच्या मागे."

झेरॉक्सच्या मागच्या खोलीत कुलथे नावाचे अधिकारी बसले होते. दारावर 'प्रजाती पडताळणी' अशी नवी पाटी होती. कुलथे सौम्य माणूस. त्यांनी तिघांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि हौसाबाईंचं नाव यादीत शोधून त्यापुढे खूण केली.

"हे काय लिहिलंय माझ्यापुढं?" हौसाबाईंनी विचारलं.

"पूर्वज," कुलथे म्हणाले. "रस्ता होण्याआधी जन्मलेल्यांना आतली पापणी नाही. त्यामुळे ते नव्या प्रजातीत बसत नाहीत. पण नवी प्रजाती त्यांच्यापासूनच झाली. म्हणून पूर्वज."

"मी जिवंत आहे."

"ते कंसात लिहिलंय. हयात."

मोनाली म्हणाली, "साहेब, मला पाचवा लागलाय."

"तसं वाटू शकतं."

"वाटत नाही. लागलाय."

कुलथेंनी एक जाड फाइल पुढे ओढली. "हे बघा ताई, आम्ही मनाने काही ठरवलेलं नाही. हे गावाचेच अर्ज आहेत. हा सहावा. 'दोन्ही बाजूंचा संबंध पूर्णपणे तुटला असून आपसात सोयरीक होणे बंद झाले आहे.' सही रामभाऊ थेटे."

रामभाऊ हे निवृत्तीचे वडील. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. हौसाबाईंनी फाइल स्वतःकडे फिरवली आणि सहीवर बोट ठेवलं.

"ते भुयारी रस्ता मागत होते," मोनाली म्हणाली.

"मागणी नामंजूर झाली," कुलथे म्हणाले. "पण त्यात सांगितलेली वस्तुस्थिती मंजूर झाली."

"मग आता तरी रस्ता द्या."

"आता नियमात बसत नाही. माणसांचा भुयारी रस्ता एकाच प्रजातीच्या दोन वस्त्यांमध्ये देतात. वेगळ्या प्रजातीला लागला तर वनखात्याकडे मागावा लागेल. तिथे आधी पूर्वेची माणसं वन्य की पाळीव, ते ठरेल."

 मोनालीने टेबलावरचा मोठा गोल शिक्का उचलला, खुर्चीत मागे रेलली आणि तो पोटावर उभा ठेवला. चौघांनीही त्याच्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने शिक्का हलला, एका बाजूला झुकला आणि खाली पडून टेबलाखाली गडगडत गेला.

"हे काय होतं?" तिने विचारलं.

कुलथेंनी वाकून शिक्का शोधला, रुमालाने पुसला आणि फाइलमध्ये एक ओळ लिहिली. "हालचाल आढळली, असं नमूद केलंय. गर्भ असं लिहिता येत नाही." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना खरोखरच मदत करायची होती. "एक मार्ग आहे. पित्याच्या रकान्यात पश्चिमेकडच्या कुणाचं नाव देता आलं, तर नोंद आजच होते. कार्डही इथूनच देतो. कुणाचंही चालेल. चौकशी होत नाही."

हौसाबाईंनी फाइल मिटून ठेवली. शेजारी झेरॉक्सचं यंत्र चालू होतं.

"चला," निवृत्ती हळू आवाजात म्हणाला.

बोरवंड पूर्वमध्ये माणूस हळू बोलायला लागला की बाकीचे बाजूला होतात. मोनालीने त्याचा तसा आवाज तीन वर्षांत ऐकला नव्हता.   बसमध्ये तिला रडू येईल असं हौसाबाईंना वाटत होतं, म्हणून त्यांनी पदर तयार ठेवला होता, पण मोनाली पूर्ण वेळ समोरच्या सीटची दांडी मुठीत धरून बसली होती आणि उतरताना तिची बोटं सरळ व्हायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता निवृत्तीने क्रेन गावासमोर आणली. वर पिवळा दिवा लावला, दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली आणि मधल्या भिंतीचा एक ठोकळा साखळदंडाने बांधून उचलला. ठोकळा जमिनीत वितभर रुतलेला होता. निघताना मोठा आवाज झाला, आणि दोन्हीकडची माणसं घराबाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच आरपार दिसत होतं. पूर्वेची माणसं धुळीमुळे आतल्या पापण्या मिटून पाहत होती. पश्चिमेच्या लोकांनी ते पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. तिकडचे एक म्हातारे गृहस्थ काहीतरी म्हणाले. इकडून कुणीतरी पूर्वेच्या आवाजात उत्तर दिलं, "या की, चहा घ्या." ते ऐकून पश्चिमेची दोन लहान मुलं रडायला लागली आणि त्यांच्या आया त्यांना उचलून घरात गेल्या.

"या ना," मोनाली पश्चिमेकडे तोंड करून म्हणाली. तिथे तिचे दोन चुलते होते, शाळेतल्या मैत्रिणी होत्या. "काय बघत उभे राहिलात? अकरा अर्ज केले ना? मग या." मग ती वळून पूर्वेच्या लोकांना तेच म्हणाली. कुणी चप्पल नीट केली, कुणी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी पाऊल टाकलं नाही. त्या दिवशी मोनालीला कुलथेंचा आला होता त्याहून जास्त राग या माणसांचा आला.

एकटी तिची आई निघाली. सुशीलाबाई बासष्ट वर्षांच्या, गुडघे गेलेले. हातात स्टीलचा डबा घेऊन त्यांनी तीन लेन ओलांडल्या, ठोकळ्याच्या जागी झालेल्या खड्ड्यातून उतरून चढल्या, पुढच्या तीन लेन ओलांडल्या आणि मुलीपाशी आल्या. सहा मिनिटं लागली.

"डिंकाचे लाडू आहेत," त्या म्हणाल्या. "बाळंतपण झाल्यावर खातात. पण तेव्हा उघडं असेल, नसेल."

तीन वाजता महामार्गाच्या माणसांनी ठोकळा परत बसवला आणि त्यावर सिमेंट ओतलं. सुशीलाबाईंना टोलनाक्यावरून घरी सोडण्यात आलं. निवृत्तीची क्रेन काढून घेतली. कुलथेंकडे या प्रसंगाचा अहवाल गेला आणि त्यांनी त्यावर शेरा मारला की एका व्यक्तीने ओलांडल्याचं आढळलं, परंतु व्यक्तीचं वय बासष्ट असल्याने प्रजननाच्या दृष्टीने ते ओलांडणं धरता येत नाही.

पुढच्या महिन्यात बोरवंड पूर्वच्या फाट्यावर हिरवी पाटी लागली. 'संरक्षित प्रजाती. एकूण संख्या अकराशे चाळीस. कृपया खाद्य देऊ नये.' जाणाऱ्या गाड्या थांबू लागल्या. लोक काचा खाली करून मुलांना पापणी मिटायला सांगत आणि फोटो काढत. गावाला सौरदिवे मिळाले, दवाखान्याची इमारत मंजूर झाली. जी गोष्ट माणूस म्हणून तीस वर्षं मिळाली नव्हती ती तीन महिन्यांत मिळत होती, हे गाडेकर सरपंच प्रत्येक सभेत सांगत.

मोनालीचा आठवा संपत आला तेव्हा ते घरी आले. खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सूनबाई, मी स्पष्ट बोलतो. तुला मूल झालं तर दोन्हीकडची प्रजाती एकच ठरते. पाटी जाईल, दवाखाना जाईल. माझं म्हणणं एवढंच, की बाळंतपणाला माहेरी जा. आणि मग तिकडेच राहा. निवृत्तीचं आम्ही बघू, इकडचीच मुलगी करू."

"दवाखाना कशासाठी मंजूर झालाय, अण्णा?" मोनालीने विचारलं.

"आजारपणासाठी. बाळंतपणासाठी."

"कुणाच्या?"

गाडेकरांनी टोपी फिरवली. आतून हौसाबाई बाहेर आल्या. "गाडेकर, तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी मोठे. तुम्हालाही पापणी नाही. यादीत तुमच्यापुढंही पूर्वजच लिहिलंय, मी बघितलंय. पूर्वजांनी पितृपक्षात यायचं असतं. आता उठा."

ते उठले. दारातून त्यांनी सांगितलं की आपल्याला मोनालीबद्दल वैयक्तिक राग नाही. मोनाली म्हणाली, "मला आहे. वैयक्तिक."

कळा सुरू झाल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. नव्या दवाखान्याला अजून छप्पर नव्हतं. निवृत्तीने शेजाऱ्याचा टेम्पो काढला आणि तिघं चौदा किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात गेली. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी मोनालीला पाहिलं, मग संगणकात तिचं नाव पाहिलं.

"बाळंतीण म्हणून दाखल करता येणार नाही," ते म्हणाले. "सिस्टीम घेत नाही. पोटदुखी म्हणून घेतो."

"कशीही घ्या," निवृत्ती म्हणाला, तेव्हा आवारातले सगळे लोक वळले.

डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं नीट केलं. सव्वासहाला मुलगी झाली. तिला पुसून मोनालीजवळ दिली तेव्हा तिने डोळे उघडले. डाव्या डोळ्यात आतली पापणी होती, उजव्यात नव्हती. निवृत्ती तिच्यावर वाकला आणि काहीतरी म्हणणार होता, पण त्याने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

घरी जाताना हातात कागद मिळाला. 'रुग्ण: मोनाली. तक्रार: पोटदुखी. उपचारानंतर दुखणं थांबलं. वजनात चार किलो घट. तब्येत उत्तम.' मुलीचा त्यात उल्लेख नव्हता. लस टोचायला नर्सने जन्माची नोंद मागितली. नोंद नव्हती, म्हणून लस मिळाली नाही. पुढच्या आठवड्यातही मिळाली नाही. शेजारच्या घरातल्या बाळाला टोचायला शेवंता आली तेव्हा मोनाली मुलीला घेऊन उंबऱ्यात उभी राहिली, आणि शेवंता मान खाली घालून मागच्या गल्लीने गेली.

मुलीचं नाव भैरवी ठेवलं. दीड महिन्याची झाल्यावर मोनाली तिला घेऊन कुलथेंकडे गेली. या वेळी ती एकटीच गेली. निवृत्तीला येऊ दिलं नाही, कारण तो पुन्हा हळू बोलेल याची तिला खात्री होती.

तिने मुलीला फायलींच्या मधोमध टेबलावर ठेवलं. "हे तुमचं पोटदुखणं," ती म्हणाली.

कुलथेंनी चष्मा लावला. छोट्या बॅटरीने दोन्ही डोळे तपासले. भैरवीने डावी आतली पापणी मिटली आणि उजव्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहत राहिली.

"संतती झाली, हे मान्य करावं लागेल," ते म्हणाले.

"मग आम्ही एक आहोत. लिहा तसं."

"थोडं थांबा." त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. "यात 'प्रजननक्षम संतती' असा शब्द आहे. दोन वेगळ्या प्रजातींनाही कधीकधी संतती होते. ती पुढे चालते का, यावर सगळं असतं. ही मोठी होऊन हिला मूल झालं, तर तुमचा अर्ज मंजूर होईल. तोपर्यंत प्रलंबित."

"वीस-बावीस वर्षं?"

"नियमात घाई नाही."

"आणि तोपर्यंत ही कोण?"

कुलथेंनी याचा विचार आधीच केलेला होता. त्यांनी कपाटातून एक कोरा फॉर्म काढला. मुलगी पूर्वेत बसत नाही, पश्चिमेतही बसत नाही. तेव्हा तिची स्वतंत्र नोंद करता येईल. नोंद झाली की दाखला मिळेल, दाखल्यावर लस मिळेल. ते वाचू लागले आणि मोनाली उत्तरं देऊ लागली, कारण लसीला आधीच उशीर झाला होता.

"प्रजातीचं नाव, नंतर कळवण्यात येईल. एकूण संख्या, एक. अधिवास?"

"म्हणजे काय?"

"कुठे आढळते."

"माझ्याजवळ."

त्यांनी तसं लिहिलं. "आहार?"

"दूध."

"आवाज?"

"आहे. ऐकायचा असेल तर हात लावून बघा."

त्यांनी हात लावला नाही. 'आहे' एवढं लिहिलं आणि पान उलटलं. "आता हा शेवटचा रकाना. प्रजातीच्या अस्तित्वाला असलेले धोके. इथे साधारणपणे जंगलतोड, वणवा, शिकार असं लिहितात. तुमच्या बाबतीत काय लिहू?"

"पेन द्या," मोनाली म्हणाली. "मी लिहिते."

नियमाप्रमाणे पालकाला लिहिता येत होतं. कुलथेंनी पेन दिलं. तिने मुलीला मांडीवर घेतलं, फॉर्म स्वतःकडे ओढला आणि पहिलं नाव लिहिलं. ते कुलथेंचं होतं. दुसरं गाडेकरांचं. तिसरं शेवंताचं, बाटलीसकट. मग भिंत बसवणाऱ्यांची, नकाशातून भुयारी रस्ता खोडणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं म्हणून त्याचा नुसता हुद्दा, मग रस्त्याच्या कडेला उभे राहिलेल्या पश्चिमेच्या माणसांची आणि पूर्वेच्या माणसांची, घरानुसार, ओळीने. तिचे दोन्ही चुलते त्यात आले. पेनचं टोक कागदात रुतत होतं आणि खालच्या पानावरही उमटत होतं.

कुलथे समोरून उलट्या बाजूने वाचत होते. त्यांनी घसा साफ केला.

"माझ्या नावापुढे हुद्दा लिहावा लागेल," ते म्हणाले. "नाहीतर फॉर्म परत येतो."

तिने हुद्दा लिहिला. रकाना भरला तेव्हा ती समासात लिहू लागली, आणि समास संपल्यावर तिने मान वर केली.

"कागद संपला."

"जोडपत्र लावता येतं," कुलथे म्हणाले. त्यांनी खणातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला, वरच्या पानावर कोपऱ्यात 'एक' असा आकडा घातला आणि तो तिच्यापुढे सरकवला. मग ते पुढच्या पानांवर आकडे घालत बसले.